मदरबोर्डची दुखणी

आदल्या रात्री नीट चाललेला संगणक सकाळी बटन दाबल्यावर दाद देत नाही. पंखा क्षणभर फिरतो, एखादा दिवा लुकलुकतो आणि पडदा काळाच राहतो. दुरुस्तीच्या दुकानात नेल्यावर पाच मिनिटांत निदान होते: "मदरबोर्ड गेला." या दोन शब्दांपाठोपाठ बहुधा नव्या यंत्राची किंमत सांगितली जाते. घरचा हिशेब, मुलांचा अभ्यास, लग्नकार्यांची छायाचित्रे, एखाद्या लहान छापखान्याची वर्षानुवर्षांची अक्षरजुळणी असे पुष्कळ काही त्या पेटीत साठलेले असते. त्यामुळे मालक मुकाट्याने पैसे मोजतो. वस्तुतः एवढ्यावर निदान झाले असे म्हणता येत नाही. "माणूस आजारी आहे" असे सांगून वैद्याने निघून जावे, त्यातलाच तो प्रकार. मदरबोर्डवर शेकडो लहानमोठे भाग बसविलेले असतात. त्यांपैकी कोणता बिघडला, तो खरोखर बिघडला की केवळ सैल झाला, किंबहुना दोष या फळीचा आहे की तिला वीज पुरविणाऱ्या पेटीचा, हे पाहिल्याविना तिला मृत ठरविणे घाईचे होय.

मदरबोर्ड म्हणजे काचतंतू आणि राळ यांची बनविलेली एक फळी. तिच्या पृष्ठभागावर तांब्याच्या बारीक वाटा दिसतात. परंतु न दिसणाऱ्या वाटाही तिच्या पोटात असतात. साध्या बोर्डात तांब्याचे चार थर, भारी बोर्डात सहा, आठ किंवा त्याहून अधिक थर एकावर एक दाबून बसविलेले असतात. यास्तव फळी वाकली, स्क्रू अति आवळला गेला किंवा पेटीत राहून गेलेला एखादा पितळी खुंट भलत्याच जागी टेकला, तर होणारे नुकसान वरून दिसेलच असे नाही. आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला पहिला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मुख्य फळीवर प्रोसेसर, थोडी स्मृती आणि जोडपाट्यांसाठी पाच खाचा एवढाच संसार होता. पडदा चालविणारी पाटी निराळी, तबकडी चालविणारी निराळी. पुढील काळात ही निराळी कामे एकेक करून मुख्य फळीवरच येऊन बसली. १९९५ साली इंटेल कंपनीने 'ए.टी.एक्स.' हे माप ठरवून दिले: फळी ३०५ मिलिमीटर लांब, २४४ मिलिमीटर रुंद आणि स्क्रूंची भोके ठरलेल्या जागी. या एका शिस्तीमुळे आजचा नवा बोर्ड वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्येही बहुधा बसतो. ग्राहकाच्या हिताचे असे निर्णय यंत्रांच्या इतिहासात फार वेळा होत नाहीत.

आता दुखण्यांकडे वळावयाचे, तर पहिला मान कपॅसिटरला द्यावा लागेल. एस.एम.पी.एस. नावाची वीजपेटी मदरबोर्डला १२ व्होल्टची वीज देते. प्रोसेसरला मात्र सुमारे १ ते १.३ व्होल्ट एवढीच लागते. व्होल्ट कमी, म्हणून अँपिअर अधिक. ६५ वॉटचा एखादा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालला, तर तो चोपन्न अँपिअर ओढतो. हजार वॉटची घरगुती इस्त्री ओढते त्याच्या बारापट हा प्रवाह होय, आणि तो जातो बोटभर जागेतून. ही वीज बारीक बारीक तुकड्यांनी, सेकंदास लाखो वेळा उघडझाप करून तयार केली जाते. विहिरीवरून पाणी खेपेखेपेने येते, पण घरात रांजण असला की स्वयंपाकघराला त्या खेपा जाणवत नाहीत. कपॅसिटर हा तो रांजण. रांजणाला तडा गेला, की प्रोसेसरला मिळणारी वीज हिसके देऊ लागते. मग यंत्र मधूनच थिजते, कारण नसता पुन्हा सुरू होते, थंड असताना चालू होण्यास चारपाच वेळा बटन दाबावे लागते. मालक दोष देतो विषाणूला किंवा विंडोजला.

जुन्या पद्धतीच्या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमची गुंडाळी आणि द्रवरूप विद्युद्विलेय असते. सुमारे १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या असंख्य बोर्डांवर हे कपॅसिटर अकाली फुगले आणि फुटले. २००२-०३ च्या सुमारास या प्रकाराचा बोभाटा झाला. स्वस्त पडणाऱ्या, पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या द्रवात ॲल्युमिनियमला गंजापासून वाचविणारी द्रव्ये पुरेशी नव्हती. पाणी आणि धातू यांची क्रिया होऊन हायड्रोजन वायू जमू लागला आणि त्याने डबीचे डोके वर उचलले. एका कारखान्याचे सूत्र अर्धवट चोरले गेल्यामुळे हे सारे झाले, अशी एक रंजक कथा त्या वेळी पसरली होती. ती निर्विवाद सिद्ध झालेली नाही, आणि कारण समजण्यासाठी तिची गरजही नाही. डबीच्या माथ्यावर एक्स किंवा के या अक्षरासारखी जी खाच दिसते, ती अशा वेळी सुरक्षितपणे फाटावी यासाठीच ठेवलेली असते. ही डोकी सपाट आहेत की फुगलेली, बुडाशी तपकिरी चिकटा जमला आहे काय, हे पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. एक विजेरी आणि दोन डोळे पुरतात.

चांगल्या प्रतीचा कपॅसिटरही अमर नसतो. त्यावर '१०५ अंश' असे छापलेले असते आणि त्या उष्णतेला त्याचे आयुष्य, समजा, २००० तासांचे असते. उष्णता दर दहा अंशांनी उतरली की आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा अभियंत्यांचा आडाखा आहे. म्हणजे ६५ अंशांवर तोच कपॅसिटर ३२,००० तास टिकेल. रोज आठ तास चालणाऱ्या यंत्राला हे अकरा वर्षांचे आयुष्य झाले. परंतु धुळीने पंखा गुदमरला आणि तेथील उष्णता ७५ अंशांवर गेली, तर त्यातील निम्मी वर्षे कमी होतात. यंत्राची धूळ झाडणे हे केवळ नीटनेटकेपणाचे काम नव्हे, ते या हिशेबावरून ध्यानात यावे. पुढच्या काळातील बोर्डांवर द्रवाऐवजी घन पॉलिमर असलेले कपॅसिटर येऊ लागले. त्यांना प्लास्टिकचे वेष्टन नसते, माथ्यावर बहुधा खाचही नसते, आणि ते अशा रीतीने फुगत नाहीत.

फुगलेले कपॅसिटर बदलता येतात, आणि ते काम काही डझन रुपयांच्या मालात होते. मात्र ते निष्णात हाताचे आहे. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा थोड्या अधिक व्होल्टचा आणि कमी अंतर्गत रोधाचा हवा. जुना काढण्यापूर्वी त्याची ऋण बाजू कोणती, याची खूण किंवा छायाचित्र घेतलेच पाहिजे. कारण फळीवर रंगविलेली अर्धी बाजू बहुतेक उत्पादक ऋण समजतात, पण काहींनी नेमका उलटा संकेत वापरलेला आहे. उलटा बसविलेला कपॅसिटर स्फोट करून चूक कळवितो. शिवाय फळीच्या पोटातील तांब्याचे रुंद थर उष्णता शोषून घेत असल्याने रेडिओच्या दुरुस्तीतील २५ वॉटची डाखणी येथे अपुरी पडते. डाख पातळ होत नाही म्हणून कारागीर जोराने ओढतो आणि भोकाच्या आतील तांब्याची नळीच उपटून येते. असा बोर्ड मग खरोखरच गेला म्हणावयाचा.

दुसरे दुखणे बटनाएवढे आहे. बोर्डवर चकचकीत सेल असतो, त्यावर सी.आर. २०३२ असे लिहिलेले आढळते. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. १९८१ च्या त्या पहिल्या यंत्राला घड्याळ नव्हते. ते सुरू करताना तारीख आणि वेळ हाताने भरावी लागे. १९८४ साली आलेल्या 'ए.टी.' नमुन्यात सेलवर चालणारे घड्याळ आणि यंत्राची मांडणी लक्षात ठेवणारी चिमूटभर स्मृती आली, ती परंपरा अद्याप चालू आहे. घड्याळाच्या पोटात स्फटिकाचा तुकडा सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटला तरी तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलेला आहे.

तीन व्होल्टचा हा सेल काही वर्षांनी उतरतो. मग वीज गेली की यंत्र आपली तारीख विसरते आणि एकदम मागल्या एखाद्या वर्षात जाऊन बसते. याचा परिणाम भलत्याच ठिकाणी दिसतो. बँकेची किंवा टपालाची संकेतस्थळे उघडेनाशी होतात, कारण त्यांची सुरक्षापत्रे ठराविक मुदतीची असतात आणि यंत्राच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. घरातील माणसे इंटरनेट पुरविणाऱ्याशी भांडत बसतात आणि उपाय मात्र किराणा दुकानातही मिळणारा असतो. मल्टिमीटरवर सेल २.७ व्होल्टच्या खाली दिसला की तो बदलावा. बदलण्यापूर्वी मांडणीचे पडदे मोबाइलवर टिपून ठेवावेत, म्हणजे पुढे आठवणीवर विसंबावे लागत नाही.

हवापाण्याचाही या फळीशी जवळचा संबंध आहे. गोव्यात आणि किनारपट्टीच्या गावांत पावसाळ्यात ओलावा आणि खारी हवा यांमुळे रॅमच्या पट्ट्या आणि त्यांच्या खाचा यांमध्ये काजळीसारखा सूक्ष्म थर जमतो. तेथे यंत्र महिनोन् महिने झाकून ठेवण्यापेक्षा रोज अर्धा-एक तास चालू ठेवणे हिताचे, कारण त्याच्या स्वतःच्या उबेने ओल टिकत नाही. इंदूर, ग्वाल्हेरकडच्या कोरड्या हिवाळ्यात प्रश्न उलटा होतो. लोकरीची बंडी काढताना जी ठिणगी उडते, तीच बोटातून चिपेत शिरते. माणसाला अशी ठिणगी जाणवण्यास सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. नाजूक चिपेला त्याच्या कितीतरी कमी व्होल्टही बाधतात, म्हणजे काही जाणवले नाही तरी घात झालेला असू शकतो. फळीला हात लावण्यापूर्वी एस.एम.पी.एस.च्या धातूच्या अंगाला स्पर्श करून हातातील विद्युत् उतरवून टाकावी आणि फळी नेहमी कडेला धरून उचलावी.

येथे अर्थिंगचा उल्लेख टाळता येत नाही. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात, ही तक्रार अनेक घरांत "असेच असते" म्हणून सोडून दिली जाते. वीजपेटीच्या तोंडाशी असलेल्या गाळणीतील दोन कपॅसिटर पेटीच्या धातूला जोडलेले असतात. भिंतीतील तिसरे भोक नुसतेच शोभेचे असले, तर ती धातू २३० च्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणूस सहसा दगावत नाही. परंतु अशा यंत्राला पडदा किंवा प्रिंटर जोडताना ते ११५ व्होल्ट बोर्डच्या कोमल भागांतून वाट काढतात. कित्येक बोर्डांची जोडमुखे याच कारणाने जळतात. दोष घराच्या वायरिंगचा, आणि दंड भरतो मदरबोर्ड.

सफाई कशी करावी याविषयी फार सांगावयास नको. भिंतीतील प्लग काढावा, मग चालू करण्याचे बटन एकदा दाबावे, म्हणजे साठलेली वीज उतरते. ब्लोअरने धूळ उडविताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. धूळ ओढून घेणारे घरगुती यंत्र बोर्डाजवळ नेऊ नये, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत् साठते. रॅमची पट्टी खोडरबराने घासण्याची आपल्याकडे सार्वत्रिक प्रथा आहे. तिने यंत्र चालू होते हे खरे, पण दरवेळी सोन्याचा पातळ मुलामाही थोडा जातो, आणि रबराचा भुगा खाचेत पडतो. सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसणे अधिक सुरक्षित. मुंग्या, झुरळे आणि पाली यांना ऊबदार वीजपेटी फार प्रिय असते; मागची मोकळी फट बंद करण्याची पत्र्याची पट्टी फेकून न देता जागच्या जागी लावावी.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तेव्हा तपास बाहेरून आत जावा. प्रथम भिंतीची वीज, वायर, एस.एम.पी.एस.चे मागचे बटन. नंतर पडद्याची वायर कोठे लावली आहे ते पाहावे. निराळे ग्राफिक्स कार्ड असताना ती बोर्डच्या मुखात लावली गेली, एवढ्यावरून यंत्रे दुरुस्तीला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा निराळा वीजजोड. तो सुटला असेल तर पंखे फिरतात, पण यंत्र जागे होत नाही. एवढे झाल्यावर सर्व जादा पाट्या, तबकड्या आणि यू.एस.बी.ची साधने काढून केवळ बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी ठेवावी. एवढ्यावर यंत्र चालू झाले, तर काढलेल्या वस्तू एकेक करून परत लावाव्यात. जी लावताच बंद पडते ती अपराधी. चालू झाले नाही, तर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी पहिल्या खाचेत, असे फिरवून पाहावे. हे काम कंटाळवाणे असले तरी बऱ्याच वेळा येथेच रोग सापडतो.

बोर्ड स्वतःही काही सांगत असतो. पूर्वी प्रत्येक यंत्र सुरू होताना स्वतःची तपासणी करून एक शीळ देई. आता बहुतेक कॅबिनेटांत तो छोटा भोंगाच नसतो. तो वेगळा आणून बोर्डवरील चार पिनांवर लावता येतो. शिळांचा अर्थ उत्पादकागणिक निराळा असल्याने बोर्डसोबतची पुस्तिका पाहणे अवश्य आहे. अनेक नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, पडदा आणि तबकडी यांच्या नावांचे चार बारीक दिवे असतात, आणि तपासणी जेथे अडते तेथला दिवा पेटून राहतो. वीजपेटीविषयी संशय असेल तर मल्टिमीटर लावावा. ठरलेल्या मापापासून पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो: १२ व्होल्टचा जोड ११.४ ते १२.६ च्या आत, ५ व्होल्टचा ४.७५ ते ५.२५ च्या आत हवा. परंतु बिनभाराचे माप फसवे असते, यंत्र चालू असतानाचे खरे. ओळखीच्या माणसाची चांगली वीजपेटी तासभर उसनी लावून पाहणे हा त्याहून खात्रीचा मार्ग. वीजपेटी मात्र स्वतः उघडू नये. तिच्या आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या घरात वीज काही काळ राहते.

यंत्र वाढविण्याचा विचार करताना बोर्डची मर्यादा आधी जाणून घ्यावी. रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डी.डी.आर.३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डी.डी.आर.४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट, डी.डी.आर.५ लाही २८८ च, पण खाच निराळ्या जागी आणि १.१ व्होल्ट. प्रोसेसरचे बैठकही असेच ठरलेले असते. मात्र बैठक जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच असे नाही. याचे चांगले उदाहरण ए.एम.डी. कंपनीच्या ए.एम.४ या बैठकाचे. २०१६ पासून ते चालत आले. मे २०२० मध्ये कंपनीने प्रथम असे सांगितले की, आगामी प्रोसेसर फक्त नव्या बोर्डांवर चालतील. कारण अनेक जुन्या बोर्डांवरील बायॉसच्या १६ मेगाबाइटच्या चिपेत इतक्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही. ग्राहकांनी ओरड केली, आणि त्याच महिन्यात तिला आपला निर्णय काही अंशी मागे घ्यावा लागला. २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या बोर्डांनाही ती सोय मिळाली. एका चिपेतील काही मेगाबाइटांच्या टंचाईवर चांगल्या बोर्डांचे भवितव्य लोंबकळत होते, हे त्या प्रकरणात उघड झाले.

बायॉस बदलणे हे त्यामुळेच लाभाचे आणि धोक्याचेही काम आहे. जुने लिखाण पुसून नवे लिहिले जात असताना वीज गेली, तर बोर्ड अर्धवट शुद्धीत राहतो. यू.पी.एस. जोडल्याविना आणि बोर्डची नेमकी आवृत्ती फळीवर वाचल्याविना त्या वाटेस जाऊ नये. काही बोर्डांवर केवळ यू.एस.बी. पेन आणि एक बटन यांच्या आधारे बायॉस पुन्हा भरण्याची सोय असते. यंत्र नीट चालत असेल आणि सुरक्षिततेचे किंवा नव्या भागाचे काही कारण नसेल, तर ते काम पुढे ढकलण्यात नुकसान नाही.

अलीकडे हा प्रश्न एका निराळ्या बाजूने लोकांपुढे आला. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षाचिप लागते. "तुमचे यंत्र अपात्र आहे" ही सूचना पाहून पुष्कळांनी चांगली यंत्रे विकून टाकली. २०१८ नंतरच्या बऱ्याच बोर्डांत ही सोय प्रोसेसरमध्येच असते, फक्त बायॉसमध्ये ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डांवर ती पी.टी.टी. या नावाने, ए.एम.डी.च्या बोर्डांवर एफ.टी.पी.एम. या नावाने आढळते. त्याआधीच्या यंत्रांवर लिनक्सची एखादी प्रणाली घालून लिहिणे, वाचणे, हिशेब ही कामे उत्तम करता येतात.

या सुरक्षाचिपेची दुसरी बाजू दुरुस्ती करणाऱ्याने मालकास आधीच सांगितली पाहिजे, आणि ती बहुधा सांगितली जात नाही. विंडोजमधील बिटलॉकर ही कुलूपव्यवस्था चालू असेल, तर तबकडीची किल्ली मदरबोर्डच्या टी.पी.एम.शी बांधलेली असते. बोर्ड किंवा प्रोसेसर बदलला, प्रसंगी बायॉस बदलला तरी, यंत्र ४८ अंकांची पुनर्प्राप्तीची किल्ली मागते. नव्या यंत्रांवर हे कुलूप मालकाच्या नकळतही लागलेले असू शकते. ते ४८ अंक बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेले असतात. ते कोठेच नसतील, तर तबकडी धडधाकट असूनही तिच्यावरील छायाचित्रे आणि हिशेब कोणालाही परत मिळत नाहीत. म्हणून यंत्र दुकानात नेण्यापूर्वी, ते अजून कधीमधी चालू होत असतानाच, हे अंक कागदावर उतरवून घ्यावेत आणि महत्त्वाच्या धारिका दुसऱ्या तबकडीवर उतरवाव्यात. बिघाडाची पहिली लक्षणे दिसतात तेव्हा हे काम पंधरा मिनिटांचे असते.

एवढे करूनही बोर्ड वाचला नाही, तर त्याच नमुन्याचा वापरलेला बोर्ड शोधणे स्वस्त पडते. तो मिळाला तर प्रोसेसर, रॅम आणि पंखा जसेच्या तसे त्यावर चढतात. निकामी फळी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. सोने आणि तांबे काढण्यासाठी अशा फळ्या उघड्यावर जाळल्या किंवा आम्लात बुडविल्या जातात, आणि २००६ पूर्वीच्या बहुतेक फळ्यांच्या डाखेत शिसे असते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा मालाची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अनेक शहरांत त्यासाठी संकलनकेंद्रे आहेत. देण्यापूर्वी बटनाएवढा सेल काढून वेगळा द्यावा, आणि तबकडी आपल्याजवळ ठेवावी.